दहा घरं, हायड्रोजनची टाकी आणि दोनशे माणसांची कोमुने: उत्सिराचं प्रकरण

हायड्रोजनवर आपल्याकडे सध्या खूप बोललं जातंय, जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केल्यापासून तर जास्तच. पण वारा साठवायचा, त्याचा गॅस करायचा आणि वारा पडला की त्याच गॅसवर घरातले दिवे चालवायचे, हे प्रत्यक्षात एका छोट्या बेटावर वीस वर्षांपूर्वी करून झालंय. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, उत्सिरा नावाच्या बेटावर. मला त्यातला तांत्रिक भाग आवडतोच, पण त्याहून जास्त रस त्या बेटाने एवढा मोठा प्रयोग अंगावर कसा घेतला, कुठे सावधपणा ठेवला आणि कुठे हातातली गोष्ट सुटली यात आहे. त्यामुळे हे प्रकरण कंपनीच्या बाजूने नाही, गावाच्या बाजूने मांडतोय. ज्या दहा घरांना जोडणी दिली ती माणसं, कोमुनेतले म्हणजे तिथल्या स्थानिक कारभारातले पदाधिकारी, इंजिनिअर यांची नावं घेत नाही. बेटाचं नाव मात्र लपवण्यात अर्थ नाही, या पद्धतीचा तो जगातला पहिलाच प्लांट होता त्यामुळे नाव काढलं तरी ओळखू येणारच.

पार्श्वभूमी

आधी उत्सिरा काय आहे ते नीट बघू, कारण त्याशिवाय पुढचा एकही निर्णय कळणार नाही.

हाउगेसुन्ड नावाचं बंदराचं शहर आहे, रोगालान्ड जिल्ह्यात. तिथून बोटीने तासाभराहून थोडा जास्त वेळ पश्चिमेला गेलं की उत्सिरा येतं. क्षेत्रफळ सहा चौरस किलोमीटरच्या आसपास, माणसं दोनशेच्या आसपास. नॉर्वेतली सगळ्यात कमी लोकसंख्येची कोमुने हीच. कोमुने म्हणजे तिथली स्थानिक स्वराज्य संस्था. आपल्याकडे एवढ्या लोकसंख्येला कदाचित स्वतःची ग्रामपंचायतही मिळणार नाही, गट ग्रामपंचायतीत टाकतील. तिथे मात्र त्यांची स्वतःची निवडून आलेली परिषद आहे, महापौर आहे, ऑफिस आहे.

आणि अधिकार आहेत तशा जबाबदाऱ्याही पूर्ण आहेत. नॉर्वेत कोमुने लहान असो की मोठी, कायद्याने कामं तीच. प्राथमिक शाळा, बालवाडी, म्हाताऱ्या माणसांची देखभाल, पहिल्या पातळीची आरोग्यसेवा, पाणी, सांडपाणी, जमीन वापराचं नियोजन, सगळं. लाखभर लोकांच्या कोमुनेला जे करावं लागतं ते दोनशे लोकांच्या कोमुनेलाही करावं लागतं, काही सेवा शेजारच्या मोठ्या कोमुनेबरोबर मिळून चालवता येतात, सरकारकडून लहान कोमुनेंना जास्तीचं अनुदानही मिळतं, पण जबाबदारी कागदावर तुमचीच. उत्सिरावर शाळा दहावीपर्यंत आहे. त्यापुढे पोरांना बेट सोडून शिकायला जावं लागतं, आणि गेलेली सगळी परत येत नाहीत. कुठल्याही छोट्या बेटाचं मुख्य दुखणं हेच असतं, एक कुटुंब गेलं की वर्गातली दोन-तीन मुलं गेली, आणि दोनशेच्या गावात दोन-तीन मुलं म्हणजे शाळा टिकेल की नाही इथपर्यंत प्रश्न जातो.

इतिहास सगळा समुद्राचा. हेरिंग माशाची मासेमारी, बोटी, वादळं. १८४४ मध्ये इथे दीपगृह झालं, तेही जोड-दीपगृह, म्हणजे दोन मनोरे. बेटाला उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक अशी दोन बंदरं आहेत, वारा ज्या बाजूने झोडपत असेल त्याच्या उलट्या बाजूला बोट लावायची. ब्रिटिश रेडिओवर जो जहाजांसाठी हवामान अंदाज वाचतात त्यात १९८४ पासून उत्तर आणि दक्षिण असे दोन सागरी भाग या बेटाच्या नावाने आहेत. वारा हा या लोकांच्या रोजच्या जगण्यातला विषय आहे हे एवढ्यावरून कळेल.

उत्सिरा स्वतंत्र कोमुने झाली १९२४ मध्ये. आणि लगेच पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत एक जबरदस्त गोष्ट झाली, परिषदेच्या १२ जागांपैकी ११ जागांवर बायका निवडून आल्या. ओसा हेल्गेसेन ही गावातली सुईण महापौर झाली, नॉर्वेतली पहिली महिला महापौर. १९२६ ते १९२८ कारभार त्यांनी चालवला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण हायड्रोजनचा प्रयोग आला तेव्हा या बेटाला 'देशात पहिलं' होण्याची गोष्ट काही अगदीच नवी नव्हती.

अडचण नेमकी कुणाची होती

इथे बरेच लोक घोटाळा करतात. त्यांना वाटतं उत्सिरावर वीज नव्हती म्हणून हायड्रोजन आणला. असं नाहीये. मुख्य भूमीकडून समुद्राखालून केबल आलेली होती, घरं व्यवस्थित उजेडात होती. म्हणजे वीज नसणं ही अडचण नव्हतीच.

अडचण होती ती कंपनीची. नॉर्स्क हायड्रो ही नॉर्वेची जुनी कंपनी, १९०५ ची. धबधब्यांच्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन काढायचं काम तिने १९२० च्या दशकातच सुरू केलेलं, त्यातून खत बनायचं. म्हणजे इलेक्ट्रोलायझरचा, विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राचा, अनुभव पाऊणशे वर्षांचा. आता २००० च्या सुमारास तिला दाखवायचं होतं की ज्या बेटांना केबल नाही, जी डिझेल जनरेटरवर चालतात, त्यांना वारा आणि हायड्रोजन या जोडीवर पूर्ण स्वतंत्र करता येईल. जगभर अशी बेटं भरपूर आहेत. पण कागदावर दाखवून कुणी विकत घेत नाही, खऱ्या माणसांच्या खऱ्या घरात चालवून दाखवावं लागतं.

त्यातली मूळ तांत्रिक गोष्ट अशी. वारा कधी एवढा असतो की पवनचक्की गरजेच्या दहापट वीज देते, कधी दोन दिवस पानही हलत नाही. मोठ्या ग्रीडला जोडलेलं असलं की हे जाणवत नाही, कमी पडलं तर दुसरीकडून येतं. एकट्या बेटाला मात्र प्रत्येक सेकंदाला जेवढी मागणी तेवढाच पुरवठा ठेवावा लागतो, नाहीतर फ्रिक्वेन्सी ढासळते आणि सगळं बंद पडतं.

कोमुनेची अडचण वेगळी. लोकसंख्या टिकवायची, नोकऱ्या हव्यात, आणि सरकारच्या नजरेत राहायचं. दोनशे माणसांच्या कोमुनेला दर काही वर्षांनी कुणीतरी विचारतंच की तुम्ही वेगळे राहता कशाला. अशा वेळी जगभरातून लोक बघायला येतील असं काहीतरी बेटावर असणं याची किंमत पैशात मोजता येत नाही पण असते नक्की. कंपनीची गरज आणि गावाची गरज अशा दोन वेगळ्या गरजा एका प्रोजेक्टमध्ये भेटल्या.

समोर काय काय पर्याय होते

बेटाच्या बाजूने बघितलं तर पहिला पर्याय म्हणजे काहीच न करणं. केबल आहे, वीज येते, बिल भरायचं. यात जोखीम शून्य आणि मिळकतही शून्य.

दुसरा, नुसत्या पवनचक्क्या लावून वीज केबलमधून मुख्य भूमीला विकणं. हा सरळ धंदा. वारा उत्तम, केबल तयार. पण हे किनाऱ्यावरचं कुठलंही गाव करू शकतं, त्यासाठी उत्सिराच कशाला पाहिजे.

तिसरा, वारा आणि बॅटरी. आज आपल्याला हाच पहिला सुचेल. पण हे २००२-०३ चं बोलणं आहे, लिथियम बॅटऱ्या तेव्हा लॅपटॉप आणि मोबाइलमध्ये होत्या, गावाला दोन दिवस पुरेल एवढी बॅटरी म्हणजे किमतीच्या दृष्टीने विचार करण्यासारखी गोष्टच नव्हती. आज मागे वळून 'बॅटरी का नाही लावली' म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे.

चौथा, वारा आणि हायड्रोजन. लांब पल्ल्याचं साठवण, टाकी मोठी केली की दिवस वाढतात. महाग, न तपासलेलं, पण कंपनीला हेच तपासायचं होतं.

आणि या चौथ्यात अजून एक पोटप्रश्न होता जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, किती मोठं करायचं? अख्खं बेट हायड्रोजनवर घ्यायचं की थोडीच घरं? अख्खं बेट म्हटलं की बातमी मोठी होते, 'जगातलं पहिलं हायड्रोजन बेट' वगैरे. पण शाळा, वृद्धांची सेवा, दवाखान्याची खोली, बंदर, सगळंच त्या प्रयोगाला टांगलं गेलं असतं.

ठरलं ते असं की दहा घरं.

प्रत्यक्षात काय उभं केलं

नॉर्स्क हायड्रो आणि जर्मनीची पवनचक्की बनवणारी एनेर्कॉन यांनी जुलै २००४ मध्ये प्लांट अधिकृतपणे सुरू केला. दोन चक्क्या उभ्या राहिल्या, प्रत्येकी ६०० किलोवॅटच्या. त्यातली एक सरळ ग्रीडला वीज विकणारी. दुसरी या स्वतंत्र यंत्रणेसाठी.

त्या दुसऱ्या चक्कीच्या मागे लावलेलं सामान असं: तासाला १० घनमीटर हायड्रोजन काढणारा इलेक्ट्रोलायझर, गॅस दाबायला कॉम्प्रेसर, साध्या दाबाला २४०० घनमीटर होईल एवढा गॅस २०० बारला दाबून ठेवणारी साठवण, हायड्रोजनवर चालणारं ५५ किलोवॅटचं इंजिन-जनरेटर, आणि १० किलोवॅटचा फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजन न जाळता त्यातून थेट वीज काढणारं यंत्र. शिवाय फ्रिक्वेन्सी सांभाळायला छोटी बॅटरी आणि फ्लायव्हील, म्हणजे वेगाने फिरणारं जड चाक, वारा क्षणभर कमी-जास्त झाला तर तेवढा धक्का ते झेलतं. वारा असला की चक्की थेट घरांना वीज देणार आणि उरलेल्या विजेवर गॅस बनणार, वारा पडला की इंजिन आणि फ्युएल सेल तो गॅस वापरून घरं चालवणार. वारा पूर्ण पडला तरी दहा घरांना दोन ते तीन दिवस पुरेल एवढी सोय.

दहा घरांना ५५ किलोवॅटचं इंजिन कशाला असं वाटेल, तर नॉर्वेत घरं विजेवरच गरम करतात. एका घराला वर्षाला १५ ते २० हजार युनिट सहज लागतात, आपल्याकडे मध्यम घराला महिन्याला शंभर-दीडशे युनिट लागतात, तिथे थंडीत तेवढे दोन-तीन दिवसांतच जातात. म्हणजे ही 'दहा घरं' आपल्या हिशेबात एक बऱ्यापैकी वाडी आहे.

आता थोडा हिशेब करून बघू, मी स्वतः ढोबळ आकडे घेऊन केलाय, पण चित्र स्पष्ट होतं. टाकी २४०० घनमीटरची आणि इलेक्ट्रोलायझर तासाला १० घनमीटर, म्हणजे रिकामी टाकी भरायला २४० तास, सलग दहा दिवस. इलेक्ट्रोलायझर चालायला ५० किलोवॅटच्या आसपास वीज लागते असं धरलं तर टाकी भरायला १२ हजार युनिट गेले. भरलेल्या टाकीतल्या हायड्रोजनमध्ये ऊर्जा असते साधारण ७२०० युनिट एवढी. ती इंजिनमध्ये जाळली, इंजिनने त्यातला चौथा हिस्सा विजेत बदलला असं धरलं, तर हातात आले १८०० युनिट. १२ हजार घातले, १८०० निघाले. कॉम्प्रेसर वगैरेचा खर्च अजून धरलाच नाही. आणि दहा दिवस भरलेलं अडीच दिवसांत संपलं. या एका हिशेबात या प्रकरणाचा सगळा तांत्रिक निकाल आलाय असं मला वाटतं.

काय झालं

यंत्रणा चालली. हे आधी ठामपणे सांगायला हवं, कारण 'उत्सिराचा हायड्रोजन फेल गेला' असं सैलपणे म्हटलं जातं ते मला पटत नाही. वाऱ्यावर आणि साठवलेल्या गॅसवर खऱ्या घरांतले दिवे, हीटर, स्वयंपाक चालू शकतो हे सिद्ध झालं, एक-दोन दिवसांचं प्रात्यक्षिक म्हणून नाही तर चार वर्षांच्या आसपास दहा-दहा मिनिटांचा डेटा गोळा करत. २०१० मध्ये त्या डेटावर सविस्तर विश्लेषण छापून आलं, त्यात २००५ हे अख्खं वर्ष आणि मार्च २००७ हा नमुना महिना मॉडेलवर चालवून बघितलाय, आणि निष्कर्ष साधा आहे: हायड्रोजनच्या बाजूची कार्यक्षमता बरीच सुधारल्याशिवाय शंभर टक्के स्वतंत्र अशी वारा-हायड्रोजन यंत्रणा होणार नाही.

म्हणजे जे ठरवलं होतं, पूर्ण स्वयंपूर्णता, ते अखंडपणे साधलं नाही. इंजिन हे टिकाऊ पण खादाड, फ्युएल सेल कमी गॅसमध्ये जास्त वीज देणारा पण १० किलोवॅटचाच, त्यामुळे वारा पडला की मुख्य भार इंजिनवरच. चक्की ६०० किलोवॅटची आणि घरांना लागणार त्याच्या एक दशांशही नाही, इलेक्ट्रोलायझर ५० च्या आसपास घेणार, मग स्वतंत्र मोडमध्ये चक्की दाबूनच चालवावी लागणार. बाहेर वारा सुटलाय आणि तो घ्यायला जागाच नाही अशी अवस्था.

मधेच अजून एक गोष्ट झाली जी गावाच्या हातात अजिबात नव्हती. ऑक्टोबर २००७ मध्ये नॉर्स्क हायड्रोचा तेल आणि वायूचा भाग स्टाटऑइल या नॉर्वेच्या मोठ्या तेल कंपनीत विलीन झाला. ज्या कंपनीबरोबर बोलणी झाली, जिच्या माणसांचं बेटावर येणं-जाणं होतं, ती त्या स्वरूपात राहिलीच नाही. नवीन मोठ्या कंपनीत दहा घरांचा एक प्लांट किती वरच्या यादीत असणार हे सांगायला नको. चाचणीचा काळ २००८ च्या सुमारास संपला आणि हायड्रोजनची यंत्रणा पुढे नेली गेली नाही.

दहा घरांचं काय झालं? काही नाही झालं. केबल होतीच, ती घरं नेहमीच्या ग्रीडवर राहिली. आणि पवनचक्क्या पुढेही कित्येक वर्षं फिरत राहिल्या, वीज केबलमधून जात राहिली.

निर्णयाचे क्षण

माझ्या मते या प्रकरणात कौतुक करण्यासारखं जे आहे ते केबल न काढण्यात आणि दहा घरांवर थांबण्यात आहे. प्रयोगाला होस्ट करताना गावाने आपली मूळ सोय प्रयोगाच्या हवाली केली नाही. आज पायलट प्रोजेक्टची जी प्रेझेंटेशनं होतात त्यात 'पूर्ण गाव शंभर टक्के' हे शब्द फार लवकर येतात, आणि दोन वर्षांनी कंपनीचा कंट्रोलर बंद पडला, सुटा भाग मिळेना, की गाव अंधारात. उत्सिरावर तसं होणं शक्यच नव्हतं, रचनाच तशी नव्हती. कुणी म्हणेल की मग ही खरी 'स्वतंत्र' चाचणी झालीच नाही, मागे केबल होती ना. मला हा आक्षेप चुकीचा वाटतो. चाचणी यंत्रणेची होती, माणसांच्या सहनशक्तीची नव्हती.

दुसरा चांगला निर्णय म्हणजे दोन चक्क्या. एक प्रयोगासाठी, एक सरळ धंद्यासाठी. प्रयोगाचा निकाल काहीही लागला तरी बेटावर काहीतरी चालू राहणार हे पहिल्या दिवशीच बांधलेलं होतं. यंत्रणा उभी करताना जो भाग जुना, तपासलेला असतो आणि जो भाग नवा असतो ते वेगळे ठेवले की नवा भाग पडला तरी जुना उभा राहतो, दिसायला साधी गोष्ट आहे पण प्रोजेक्टच्या उत्साहात लोक दोन्ही एकात गुंतवतात.

तिसरा क्षण मात्र हातातून गेला असं मला वाटतं, तो म्हणजे २००७. भागीदार कंपनीच बदलत असताना यजमान कोमुनेने काय मागायला हवं? चाचणी संपल्यावर टाक्या, इमारत, इलेक्ट्रोलायझर कुणाचं, डेटा कुणाचा, जागा मोकळी करून देणार कोण, आणि मुख्य म्हणजे बेटावर एखादी नोकरी तरी राहणार का. दोनशे माणसांत एक पूर्णवेळ तांत्रिक नोकरी म्हणजे एक कुटुंब, आणि एक कुटुंब म्हणजे शाळेच्या पटावर मुलं. मोठ्या कंपनीच्या हिशेबात ही रक्कम दिसतसुद्धा नाही, गावाच्या हिशेबात ती सगळ्यात मोठी ओळ असते. अशा अटी सुरुवातीलाच, उद्घाटनाच्या आधी लिहून घ्यायच्या असतात, नंतर मागायला गेलं की समोर बसलेला माणूस वेगळा असतो.

वेगळं काय करता आलं असतं

तांत्रिक बाजूने, उष्णतेचा विचार. यंत्रणेची सगळी वाट वीज, मग हायड्रोजन, मग परत वीज अशी आखलेली होती. पण त्या घरांची मोठी गरज कसली? घर गरम ठेवण्याची. म्हणजे इंजिनने वीज बनवायची, तीन चतुर्थांश ऊर्जा गरम पाण्यातून आणि धुरातून हवेत सोडायची, आणि मग त्याच विजेने हीटर लावायचा. इंजिनच्या शेजारी घरं असती आणि ते गरम पाणी पाइपने घरांत फिरवलं असतं तर टाकीतला तोच गॅस कितीतरी जास्त पुरला असता. शिवाय जोराचा वारा असताना जी वीज कुठेच घेता येत नव्हती ती मोठ्या पाण्याच्या टाक्या तापवण्यात घालता आली असती, गरम पाणी साठवणं हायड्रोजन साठवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि त्यात वाटेतली नासाडी कमी. अर्थात घरं जुनी, विखुरलेली, पाइप टाकणं खडकात, खर्चिक. पण पर्यायांच्या यादीत उष्णता ही वेगळी ओळ असायला हवी होती.

दुसरं, मापं एकमेकांना जुळत नव्हती. चक्की फार मोठी, इलेक्ट्रोलायझर फार लहान. इलेक्ट्रोलायझरला चालू-बंद, कमी-जास्त हे मानवत नाही, त्याला स्थिर वीज आवडते, आणि वाऱ्यासोबत तर नेमकं उलटं असतं. कमी भारावरही नीट चालणारा इलेक्ट्रोलायझर घेणं आणि इंजिनऐवजी मोठा, जास्त कार्यक्षम फ्युएल सेल घेणं, ही सुधारणेची दिशा. २००४ मध्ये ते सगळं त्या किमतीत बाजारात नव्हतं हेही खरं, म्हणून याला मी चूक म्हणत नाही, पुढच्याने काय बघावं ते सांगतोय.

तिसरं, यशाची व्याख्या. कंपनीच्या दृष्टीने यश म्हणजे यंत्रणा चालते हे दाखवणं आणि डेटा मिळणं, ते मिळालं. कोमुनेच्या दृष्टीने यश म्हणजे काय ते वेगळं लिहायला हवं, किती लोकांना काम, किती महसूल, किती वर्षं, आणि बंद होताना काय. दोन्ही व्याख्या एकाच कागदावर नसल्या की शेवटी कंपनीचीच व्याख्या उरते.

त्यानंतर

उत्सिरा टिकली, हे महत्त्वाचं. नॉर्वेत २०१४ पासून कोमुने एकत्र करायची मोठी मोहीम झाली, सुरुवातीला ४२८ होत्या त्या १ जानेवारी २०२० पर्यंत ३५६ झाल्या. बऱ्याच ठिकाणी भांडणं झाली, काही ठिकाणी स्थानिक विरोध डावलून विलीनीकरण केलं गेलं. सगळ्यात लहान असूनही उत्सिरा स्वतंत्र राहिली. हायड्रोजनमुळे राहिली असा दावा मी करणार नाही, समुद्राने तोडलेल्या बेटाचं प्रशासन दुसरीकडून चालवून फारसं काही वाचत नाही हेही कारण पुरेसं आहे.

पण आता त्याच नावाभोवती पुढचं मोठं प्रकरण उभं आहे. नॉर्वे सरकारने जून २०२० मध्ये समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी जे दोन पट्टे खुले केले त्यातला एक उत्सिरा नोर्ड, बेटाच्या पश्चिमेचं खोल पाणी, तिथे तळाला रोवता येत नाही म्हणून तरंगत्या चक्क्या, क्षमता १५०० मेगावॅट. त्यासाठी सरकारी मदतीची मर्यादा ३५ अब्ज क्रोनर ठरलेली. उत्सिराचं नाव अशा मोठ्या गोष्टींना याआधीही लागलंय. समुद्रतळाखालच्या ज्या वालुकाश्माच्या थरात स्लाइपनर गॅस फील्डमधला कार्बन डायऑक्साइड १९९६ पासून भरला जातो, चांगल्या वर्षांत जवळपास दहा लाख टन, त्याचं नाव उत्सिरा फॉर्मेशन. योहान स्वेर्द्रुप हे प्रचंड तेलक्षेत्र, २०१९ मध्ये उत्पादन सुरू झालेलं, ते ज्या उंचवट्यावर आहे तो उत्सिरा हाय. या सगळ्यात नाव बेटाचं आहे, पण कोमुनेचा नियोजनाचा अधिकार किनाऱ्याबाहेरच्या मूळ रेषेपासून (सागरी हद्द जिथून मोजतात ती रेषा) फक्त एका सागरी मैलापर्यंत, आणि त्या बाहेरच्या खोल समुद्रातल्या चक्क्यांवर तिला मालमत्ता कर लावता येत नाही.

म्हणजे २००४ ला जे प्रश्न दहा घरांच्या प्लांटसमोर होते तेच आता हजारपट मोठ्या प्रोजेक्टसमोर आहेत, आणि यावेळी कोमुनेच्या हातात जमीनही नाही, कारण चक्क्या तिच्या हद्दीत नसणार. तिच्याकडे देण्यासारखं जे आहे ते म्हणजे जवळचं बंदर, देखभालीच्या बोटींना आणि माणसांना राहायला जागा, दोन्ही बाजूंना धक्के असल्यामुळे जवळपास कुठल्याही वाऱ्यात सुटता येण्याची सोय. उत्सिराच्या जागी मी असतो तर वाटाघाटीत पैशाच्या एकरकमी मदतीपेक्षा याच गोष्टीवर अडून बसलो असतो, की देखभालीच्या तळाचा ठरावीक भाग बेटावर हवा, आणि तिथली माणसं बोटीने रोज येऊन-जाऊन काम करणारी नकोत, बेटावर कुटुंबासकट राहणारी हवीत. भागीदार कंपनी विकली गेली किंवा विलीन झाली तरी ही अट पुढच्या मालकावर बंधनकारक राहील असं एक कलम त्यात हवं, जे २००७ ला कामाला आलं असतं.